पलटणीतून पोलिसात: स्लीमनकडे कसं पाहायचं?

रेवाकाठ

गेल्या महिन्यात जबलपूरहून कटनीला जाताना गाडी मध्येच एका लहानशा स्टेशनात रखडली. खिडकीबाहेर फलक होता, ‘स्लीमनाबाद रोड’. शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "ठगीवाला साहब था ना, उसी का गाँव." घरी आल्यापासून तोच विषय डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

विल्यम हेन्री स्लीमन. जन्म १७८८, इंग्लंडमधलं कॉर्नवॉल. १८०९ साली कंपनीच्या बंगाल फौजेत भरती झाला, १८१४ ते १८१६ नेपाळच्या युद्धात होता. १८२० मध्ये त्याला सागर-नर्मदा टापूत मुलकी कामावर घेतलं. हा टापू १८१८ पर्यंत आपल्याच लोकांच्या अमलाखाली होता. सागर गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे, जबलपूर-नरसिंहपूर नागपूरकर भोसल्यांकडे. १८१७-१८ चं इंग्रजांशी झालेलं युद्ध हरलो आणि सगळं कंपनीच्या घशात गेलं. ठगी म्हणजे वाटसरूंना विश्वासात घेऊन, गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्यांचा धंदा. १८३५ मध्ये स्लीमन ठगीविरोधी मोहिमेचा प्रमुख झाला, १८३९ मध्ये ठगी आणि दरोडेखोरी निर्मूलनाचा आयुक्त. आणि गंमत म्हणजे फौज त्याने कधी सोडलीच नाही. नोकरी पोलिसाची, बढत्या लष्कराच्या. मेला तेव्हा मेजर जनरल होता.

मला हा माणूस मोठा वाटतो आणि त्याचं कारण त्याची तलवार नाही. १८२२ ते १८२४ तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी आपल्या कानावर येते अशी त्याची खात्री होती. पुढे कळलं की त्याच्या कचेरीपासून जेमतेम चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती आणि एका मुक्कामाच्या अंतरावरची आमराई ही हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या खूनस्थळांपैकी एक होती. तेव्हा कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, हे त्याने स्वतः लिहून छापलं. आपल्या नाकाखाली काय चाललं होतं हे असं कबूल करणारा अधिकारी मला तरी दुसरा आठवत नाही.

प्रश्न असा की लष्करातून आलेला माणूस पोलिसाच्या खुर्चीत बसला की काम सुधारतं की बिघडतं? स्लीमनच्या निमित्ताने बोलूया. घरात, ओळखीत कोणी असा अधिकारी असेल तर जरूर लिहा.

पानगळ

वाचतेय. छान विषय.

शब्दवेडी

रेवाकाठ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या भाषेतच दडलंय. पोलिस सबइन्स्पेक्टरला आपण काय म्हणतो? फौजदार. फौजेचा अधिकारी! ठाण्यातला हवालदार आणि पलटणीतला हवालदार एकाच नावाचे. पोलिस शिपाई आणि सीमेवरचा शिपाईही तसेच. गुन्ह्याचा कायदा तो फौजदारी. मुघल काळात फौजदार सैन्य बाळगायचा आणि आपल्या टापूतला बंदोबस्तही बघायचा. म्हणजे फौजेतला माणूस पोलिसात येणं ही आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. पोलिस हे वेगळं खातं, ही कल्पनाच त्या मानाने नवी.

इतिहासमित्र

शब्दवेडी, क्या बात है! त्यात थोडी भर. चार्ल्स नेपियर हा लढवय्या सेनापती. १८४३ मध्ये सिंध घेतल्याबरोबर त्याने तिथे आयर्लंडच्या धर्तीवर वेगळं पोलिस दल उभं केलं आणि पुढे मुंबई इलाख्याने तोच नमुना उचलला. वासुदेव बळवंत फडक्यांना जुलै १८७९ मध्ये देवर नावडगीला पकडणारा डॅनियल पोलिस अधिकारी होता, पण इतिहासात त्याचं नाव येतं ते ‘मेजर’ डॅनियल म्हणूनच. त्या काळी जिल्ह्याचा पोलिसप्रमुख लष्करी हुद्द्याचा असणं नेहमीचंच होतं.

भटक्या_जीव

स्लीमनने लिहिलेला एक प्रसंग मी कॉलेजात असताना वाचला होता, अजून अंगावर काटा येतो.

१८३०-३१ चा हिवाळा. फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार हाती लागला होता आणि जीव वाचवायला साक्ष द्यायला तयार होता. स्लीमन लवाजम्यासह सागरच्या वाटेवर एका आमराईत उतरला. बायको बरोबर. पहाटे फिरंगियाने त्याला बाहेर बोलावलं आणि तीन जागा दाखवल्या. एक पंडित आणि त्याचे सहा नोकर, १८१८ चे, तंबूच्या दोऱ्यांखाली. एक हवालदार आणि चार शिपाई, १८२४ चे, जिथे घोडे बांधले होते तिथे. आणि गंगाजळाच्या कावडी वाहणारे चार ब्राह्मण आणि एक बाई, थेट झोपायच्या तंबूखाली. वर सगळीकडे गवत माजलेलं, जमीन कधी उकरल्याची खूण नाही. फिरंगियाने जवळचा विटांचा एक चौथरा बघितला, झाडं न्याहाळली आणि म्हणाला, इथंच.

गावकरी आणि ठाणेदार जमले, खणायला सुरुवात झाली. पाच फूट खाली गेले, काही नाही. जमलेले लोक खूश, साहेबही कंटाळला आणि हा माणूस वेडा आहे म्हणून. पण त्या ठगाच्या चेहऱ्यावरचा शांतपणा बघून स्लीमन म्हणाला, खणा अजून. आणि पाचही जण सापडले, त्याने सांगितले होते तसेच ओळीने. मग उरलेल्या दोन जागा. खणणं कशासाठी चाललंय याचा बायकोला पत्ताच नव्हता. त्या रात्रीइतकी वाईट झोप आयुष्यात लागली नाही, असं ती पुढे म्हणत असे.

माझ्या मते सैनिकापेक्षा पोलिस म्हणून तो इथे दिसतो. सैनिकाला पाच फुटांवर थांबायचा हुकूम मिळाला की तो थांबतो.

निवृत्त_नायक

भटक्या_जीव, शेवटच्या ओळीशी असहमत. मी वीस वर्षं पायदळात काढली. खंदक खणताना पाच फुटांवर थांबणारा जवान मी पाहिलेला नाही! चिकाटी आम्हाला पलटणच शिकवते. बाकी प्रतिसाद एक नंबर.

भटक्या_जीव

नायकसाहेब, शब्द मागे घेतला. सलाम.

विधिज्ञ७२

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या अंगाने.

स्लीमनची सगळी इमारत माफीच्या साक्षीदारावर उभी होती. एका ठगाने दुसऱ्यांची नावं सांगायची, त्यांना पकडायचं, त्यातला एखादा फुटला की त्याच्याकडून पुढची नावं. हे त्याने ढिसाळपणे केलं नाही हे मान्य. साक्षीदारांना वेगवेगळं ठेवून जबाब घेतले, एकमेकांशी ताडून पाहिले, टोळ्यांच्या वंशावळी कागदावर मांडल्या, खुनाच्या जागांचा नकाशा केला, जमेल तिथे प्रेतं उकरून काढली. त्या काळात असं काम कोणी करत नव्हतं.

पण दुसरी बाजू बघा. आरोपीला वकील नाही. ज्याच्या साक्षीवर फाशी व्हायची, त्या साक्षीदाराचा स्वतःचा जीव त्या साक्षीवर टांगलेला. आणि मग आला १८३६ चा ३० वा कायदा. त्यात विशिष्ट खून सिद्ध करायची गरजच उरली नाही. कायदा येण्याआधी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, हा माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीसह जन्मठेप.

१८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसासमोरचा कबुलीजबाब कलम २५ ने बाद ठरवला. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणं कलम १३३ ने बेकायदा नसलं, तरी दुसऱ्या पुराव्याचा आधार असल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये, हे तत्त्व कलम ११४ मध्ये आलं. नव्या कायद्यातही हे टिकलं आहे. तिथवर पोचायला आधी किती जण भरडले गेले याचा विचार मी कोर्टात माफीचा साक्षीदार उभा राहिला की दर वेळी करतो.

चौकसराव

माहितीपूर्ण. एक शंका. दक्षिणेत ठगांना फाशीगार म्हणत, म्हणजे आपल्याकडचे फासेपारधी ते हेच ना? गळ्यात फास टाकणारे? लहानपणी गावात तसंच सांगायचे.

शब्दवेडी

नाही नाही! फासेपारधी म्हणजे फासे लावून हरणं, तितर पकडणारे शिकारी. जनावरांचा फास. ठगांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. स्लीमनने १८३६ मध्ये ठगांच्या बोलीचा, रामसीचा, कोश छापला. त्यातली माणसं बघा. वाटसरूंना बोलण्यात गुंतवणारा सोथा, गळा आवळणारा भुर्तोट, खड्डे खणणारा लुघा, टेहळणी करणारा तिलहाई. खुनाचा इशारा म्हणजे झिरणी. इशाऱ्याचं वाक्य ‘तंबाखू खा लो’ इतकं साधं. ही वाटेवरच्या टोळीची भाषा आहे, तिच्यात शिकाऱ्याचं काहीच नाही. आणि टोळीत हिंदू, मुसलमान, ब्राह्मण, सगळे असत. फिरंगिया स्वतः ब्राह्मण होता.

मु_पो_सेटलमेंट

चौकसराव, रागावून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी सोलापूरच्या सेटलमेंटमधला. बाहेरच्यांना हे नाव नुसतं वस्तीचं वाटतं. ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून ठरवलेल्या लोकांना सरकारने तारेच्या कुंपणात ठेवलं, ती ही जागा. माझे आजोबा त्या कुंपणात जन्मले. कामाला बाहेर जायचं तर परवानगी, आल्यावर हजेरी. कोणता गुन्हा केला होता? जन्माला आले हा.

विधिज्ञ७२ यांनी १८३६ चा कायदा सांगितला तेव्हा मी वाचता वाचता थांबलो. ‘टोळीतला आहे’ एवढं पुरेसं. मग १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यात टोळीच्या जागी अख्खी जात बसवली, एवढाच फरक. स्लीमनने वंशावळी काढल्या, गुन्हेगारी बापाकडून मुलाकडे जाते असं मांडलं. त्याने त्या खऱ्या खुन्यांच्या काढल्या असतील. पण ती पद्धत त्याच्या कपाटात थोडीच राहिली?

कायदा देशभरातून १९५२ ला गेला. आम्ही दर ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतो. आजोबा म्हणायचे, तार काढली तरी बरेच दिवस संध्याकाळी हजेरीच्या वेळेला पाय आपोआप तिकडे वळायचे. ते गेले तेव्हा मी बारावीत होतो. आज मी बँकेत अधिकारी आहे, तरी गावात कुठे चोरी झाली की आमच्या गल्लीत पहिली गाडी येते.

स्लीमन मोठा होता की नव्हता, मला ठरवता येत नाही. पण त्याच्या वहीचं ओझं कोणी उचललं ते या धाग्यावर नोंदलं जावं.

चौकसराव

दादा, मनापासून माफी मागतो. गावात ऐकलेलं जसंच्या तसं लिहिलं, चुकलंच. माझ्या मुलाला आज रात्री तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

पानगळ

नुसतं वाचत होते, पण सेटलमेंटदादांचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं.

फौजदाराची_लेक

रेवाकाठ यांनी घरातलं लिहा म्हटलं म्हणून.

१९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेला अधिकारी कमी पडले, तेव्हा बाबा इमर्जन्सी कमिशनवर गेले. पासष्टच्या लढाईत होते. पुढे अशा अधिकाऱ्यांना फौजेतून मोकळं केलं तेव्हा त्यांच्यासाठी आयएएस-आयपीएसमध्ये जागा राखून ठेवल्या होत्या. परीक्षा देऊन बाबा आयपीएसमध्ये आले आणि बऱ्याच वरच्या पदावरून निवृत्त झाले.

ते सांगतात, पहिली दोन वर्षं फार जड गेली. पलटणीत समोर शत्रू असतो आणि पाठीशी आपली माणसं. इथे समोर उभा असलेला चोरही आपलाच नागरिक, आणि ठाण्यात आपल्या बाजूला बसलेला माणूस खरं बोलतोय याची खात्री नाही. फौजेत हुकूम दिला की विषय संपतो, इथे त्यानंतर कागद सुरू होतो. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, जबाब, केस डायरी. माझ्या लहानपणीचे बाबा मला आठवतात ते जेवणाच्या टेबलावर, चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात लाल-निळी पेन्सिल. दोन जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. दोघांची वाक्यं अक्षरशः सारखी असली की निळी रेघ. "दोन माणसं एकाच शब्दांत आठवत नाहीत, बाळ. हे एकाने लिहिलंय," असं म्हणायचे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यांच्या पहिल्याच जिल्ह्यात रीत अशी की फरारी आरोपी मिळत नसेल तर त्याच्या म्हाताऱ्या आईला नाहीतर बायकोला ठाण्यात आणून बसवायचं. आपसूक येतो. बाबांनी एका रात्रीत ते बंद केलं. जुने अधिकारी फार नाराज झाले, गुन्हे उघडकीला येण्याचं प्रमाण खरंच घसरलं आणि वरून विचारणाही झाली. बाबा म्हणाले, युद्धकैद्याच्या आईला आम्ही कधी हात लावला नाही, इथे का लावू?

तर माझ्या घरापुरतं उत्तर असं. फौजेने बाबांना चांगलं पोलिस केलं, पण ते बंदुकीने नाही, असल्या बारीकसारीक नियमांनी.

विधिज्ञ७२

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. फिरंगिया आठवला. स्लीमनला तो सापडत नव्हता तेव्हा त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेतले होते. त्यांच्या ओढीने तो फार लांब पळणार नाही हा हिशोब, आणि तो बरोबर ठरला. तुमच्या बाबांनी जी रीत मोडली ती निदान तेवढी जुनी आहे.

दगडधोंडे

जरा अवांतर करतो. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्लीमन वेगळ्याच कारणाने माहीत असतो. १८२८ मध्ये त्याने जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीवर मणक्याची अश्मीभूत हाडं गोळा केली. पुढे १८७७ मध्ये लायडेकरने त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस नाव दिलं. भारतातला पहिला डायनासोर! तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्दही जन्मला नव्हता, तो १८४२ चा. शिवाय या गृहस्थाने मॉरिशसहून ताहितीचा ऊस आणून इकडे लावला. जमिनीतून काही ना काही काढायचं किंवा तिच्यात काही पेरायचं, स्वस्थ बसणं नाही.

पानगळ

मी आज त्याच्याबद्दल बरंच वाचत बसले. सतीचा प्रसंग कुणीच लिहिला नाही, म्हणून मी लिहिते.

नोव्हेंबर १८२९, नर्मदेकाठी गोपाळपूर. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा ४ डिसेंबरचा, म्हणजे अजून काही दिवस दूर. पण स्लीमनने आपल्या जिल्ह्यात सतीला मदत करणाऱ्याला शिक्षेची ताकीद आधीच दिली होती. एक पासष्टीची विधवा नवऱ्याच्या चितेवर जाऊ द्या म्हणून अडून बसली. त्याने नकार दिला. बाई नदीच्या पात्रातल्या उघड्या खडकावर बसून राहिली, दिवसा ऊन, रात्री थंडी, अंगावर जेमतेम एक वस्त्र, अन्नपाणी नाही. बांगड्या फोडल्या, डोक्याला जाडंभरडं लाल फडकं गुंडाळलं. हा घोड्यावरून जाऊन तिच्याशी बोलत राहिला, घर देतो म्हणाला, पोटगी देतो म्हणाला. पाचव्या दिवशी त्याने हार मानली आणि घरातली दुसरी कुणी बाई सती जाणार नाही असं वचन घेऊन परवानगी दिली.

मला त्याचा फार राग आला. नंतर वाटलं, मी तिथे असते तर काय केलं असतं? आपण हरलो हे त्याने लपवलं नाही, एवढं खरं.

निवृत्त_नायक

माझी आजी सांगायची त्यातल्या गोष्टींची आठवण झाली. जड वाटलं वाचून.

इतिहासमित्र

दोन मुद्दे राहिलेत. एक, ठग आले कुठून? १८१८ नंतर मराठ्यांच्या, संस्थानिकांच्या फौजा मोडल्या, पेंढारी उधळले. हजारो हत्यारबंद माणसं एका रात्रीत बेकार झाली. वाटमारी आधीही होती, पण त्या काळात ती वाढली असेल तर नवल नाही. ज्या कंपनीने ही माणसं रस्त्यावर आणली तिचाच अधिकारी त्यांना पकडत होता, ही गोष्ट स्लीमनच्या लिखाणात फारशी येत नाही. त्याला सगळ्याचं मूळ देवीच्या उपासनेत दिसायचं. तिथे त्याची नजर कमी पडली असं माझं ठाम मत आहे.

दुसरा मुद्दा त्याच्या बाजूचा. १८४३ पासून तो ग्वाल्हेरला शिंद्यांकडे रेसिडेंट होता, १८४९ पासून लखनौला. अवधच्या कारभारावर त्याने सडकून टीका केली, पण राज्य खालसा करू नका, कारभार सुधारा, असं तो डलहौसीला सांगत राहिला. खालसा केलंत तर आपल्याच शिपायांत असंतोष पेटेल हा इशाराही त्याचाच. कोणी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झालं आणि त्याच दिवसांत, मायदेशी जाताना, सिलोनजवळ जहाजावर तो वारला. सव्वा वर्षात मेरठ पेटलं. शिपायाच्या मनात काय चाललंय हे त्याला कळायचं कारण तो स्वतः पलटणीत शिपायांबरोबर राहिला होता. रेवाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नात हेही धरा.

रेवाकाठ

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

धागा काढला तेव्हा मी त्याच्या बाजूने जरा एकतर्फी लिहिलं होतं. आज पुन्हा लिहीन तर कंदेलीची कबुली ठेवीन, आमराई ठेवीन, आणि त्या खालोखाल सोलापूरची तार लिहीन. ठगी खातं १९०४ पर्यंत चाललं आणि पुढे त्याच्याच जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं. म्हणजे त्याच्या वह्या खरोखरच कपाटात राहिल्या नाहीत, दादा म्हणाले तेच.

लेकताई, एक विनंती. बाबांना आमराईचा प्रसंग वाचून दाखवाल का? त्यांना काय वाटतं ते ऐकायचंय.

फौजदाराची_लेक

काल रात्री फोनवर वाचून दाखवला. ऐंशी पार केलीत, कान थोडे गेलेत, म्हणून दोनदा वाचावा लागला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच फुटांनंतरही खणायला लावलं, हे उत्तम केलं." मी फोन ठेवणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि ज्या केसमध्ये खणलंच नाही, नुसत्या जबाबावर फाशी दिली, त्या किती होत्या गं?"

मु_पो_सेटलमेंट

ताई, पुण्यात असतील बाबा तर एकदा भेटायला येईन म्हणतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

फौजदाराची_लेक

जरूर या. सकाळी दहानंतर या, तोवर त्यांचं पेपरवाचन चालू असतं. पेन्सिल अजून हातात असते.